कॅमेरा त्यांचा, वाट तुमची: फोटोवॉकचा धंदा आपल्या भागात चालेल का?

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न तीन-चार जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला. सगळे लग्नाचे फोटो काढणारे. "सर, तिथी नसली की कॅमेरा कपाटात पडून राहतो. हप्ता मात्र दर महिन्याला कटतो. जोडीला दुसरं काय करता येईल?" त्यातल्या एकाने रील पाठवलं होतं. युरोपातल्या कुठल्यातरी शहरात सात-आठ जण सकाळी सकाळी गल्लीबोळातून फिरतायत, पुढे एक स्थानिक माणूस चालतोय, सगळे फोटो काढतायत आणि त्या चालण्याचे पैसे देतायत. "असलं इकडं होईल का?" असा त्याचा प्रश्न.

होईल की नाही ते आकड्यांवरच ठरेल. आकडे खाली मांडलेत, सरळ तिकडे उडी मारू नका. कारण बहुतेकांना वाटतं की यात फोटोग्राफी शिकवायची असते. तसं असतं तर यूट्यूबवर ती फुकट मिळते, कोण पैसे देईल?

पोर्तुगालची राजधानी लिस्बन घ्या. टेकड्यांवर वसलेलं शहर. 1755 च्या मोठ्या भूकंपात शहराचा बराच भाग पडला, पण अल्फामा नावाचा जुना मोहल्ला पुष्कळसा वाचला. अरुंद बोळ, पायऱ्या, भिंतीवर रंगीत टाइल्स, खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे, आणि वळणावरून घासून जाणारी 28 नंबरची ट्राम. या सगळ्याचे हजारो फोटो मोबाइलवर आयते बघायला मिळतात. तरीही बाहेरून आलेला माणूस तिथल्या माणसाला पैसे देऊन बरोबर घेतो. का? कारण कुठल्या पायरीवर किती वाजता ऊन येतं, कुठल्या चौकात दहा वाजल्यानंतर गर्दीत पाय ठेवायला जागा नसते आणि कुठल्या आजीला खिडकीत बसलेलं असताना फोटो काढलेला आवडत नाही, हे त्याला माहीत असतं. असा वॉक साधारण दोन-तीन तासांचा, माणसं सहा-आठ. मध्ये कॉफी, शेवटी एका ठिकाणी बसून एकमेकांचे फोटो बघायचे. बस. एवढंच प्रॉडक्ट आहे.

मी लिस्बनला गेलेलो नाही, मुंबईत मात्र पैसे भरून असा एक वॉक केलाय. बोरीबंदर स्टेशनच्या समोर सकाळी साडेसहाला जमलो. आमच्यातल्या सगळ्यांनी आल्या आल्या सीएसएमटीकडे कॅमेरे वळवले. घेऊन जाणारा पोरगा हसला आणि म्हणाला, "आता तिकडं काही मिळणार नाही, मागे वळा." स्टेशनचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या मागे, त्यामुळे सगळं काळपट येतं. त्याच वेळी समोरच्या महापालिकेच्या इमारतीवर मात्र सोनेरी ऊन पडलेलं. संध्याकाळी नेमकं उलटं. दोन्ही इमारती एकाच वास्तुविशारदाच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. स्टेशन 1888 ला पूर्ण झालं, महापालिका 1893 ला. मी त्या चौकातून याआधी दहा वेळा तरी गेलो असेन, प्रत्येक वेळी लोकल पकडायच्या घाईत. ही एक गोष्ट कळली तिथंच माझे पैसे वसूल झाले. पुढे फोर्टमधून हॉर्निमन सर्कलपर्यंत गेलो, पण खरं सांगतो, बाकीचा वॉक ठीकठाक होता.

आता धंद्याच्या नजरेने बघा. त्या पोराकडे काय होतं? कॅमेरा माझ्यापेक्षा साधा होता. ऑफिस नाही, माल नाही, गोडाऊन नाही. त्याच्याकडे त्या चौकाचं वेळापत्रक होतं, आणि रस्त्यात चहावाल्यापासून वॉचमनपर्यंत चार माणसं त्याला नावाने हाक मारत होती. या दुसऱ्या गोष्टीचीच खरी किंमत असते, आणि ती बाहेरच्या कंपनीला विकत घेता येत नाही.

ती नसली की काय होतं याची उदाहरणं युरोपातच आहेत. ऑस्ट्रियात तळ्याकाठी हॉलस्टाट म्हणून आठशेच्या आतबाहेर वस्तीचं गाव आहे. फोटोसाठी तिथं इतकी माणसं यायला लागली की 2023 मध्ये गावाने सेल्फीच्या जागेसमोर काही दिवस लाकडी कुंपणच उभं केलं. पॅरिसमध्ये रू क्रेमिए नावाची रंगीत घरांची एक छोटी गल्ली आहे. दारात येऊन पोझ देणाऱ्यांना कंटाळून तिथल्या रहिवाशांनी 2019 मध्ये मागणी केली की शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी गल्लीला फाटक लावा. म्हणजे फोटो निघत होते, गर्दी होती, पण गल्लीतल्या माणसाच्या हातात काय येत होतं? कटकट. अशा ठिकाणी धंदा फार दिवस टिकत नाही. लोक दारं लावून घेतात.

जर्मनीत तर यावर फार जुना कायदा आहे. 1898 मध्ये बिस्मार्क वारले तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री गुपचूप खोलीत शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढला. मोठा गदारोळ झाला. त्यानंतर 1907 च्या कायद्यात आलं की माणसाचा फोटो प्रसिद्ध करायचा तर त्याची संमती पाहिजे. काही अपवाद आहेत, पण मूळ तत्त्व आजही तेच. सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, आणि आपण अजून बाजारात भाजी विकणाऱ्या बाईच्या तोंडासमोर न विचारता लेन्स धरतो.

याच्या उलट लिस्बनमधलंच दुसरं उदाहरण. अल्फामाच्या शेजारी मोरारिया नावाचा भाग आहे. कॅमिला वॉटसन ही ब्रिटिश फोटोग्राफर तिथं राहायला गेली, तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढले आणि ते त्याच गल्लीच्या भिंतींवर छापले. आज लोक त्या भिंती बघायला मुद्दाम वाट वाकडी करतात. ज्यांचे फोटो, त्यांच्याच दारात ते लागले. हा मुद्दा डोक्यात ठेवा, आपल्या हिशोबात तो परत येणार आहे.

आपल्या राज्यातही स्थानिक माणसाच्या माहितीवर उभे राहिलेले धंदे आहेत. मुंबईत भरत गोठोसकर यांनी 'खाकी टूर्स' सुरू केलं. शहराचा इतिहास पायी फिरून सांगायचा, एवढ्यावर ते उभं आहे. धारावीत कृष्णा पुजारी आणि ख्रिस वे यांनी 2005 मध्ये 'रिअॅलिटी टूर्स' काढलं. त्यांचा नियम ऐकून फोटोवाल्यांना धक्का बसेल: वॉकमध्ये फोटो काढायचे नाहीत. लोकांचं घर आहे, कारखाना आहे, तिथं कॅमेरा बाहेर निघणार नाही. तरी जगभरातून लोक येतात. करानंतरच्या नफ्यातला 80 टक्के भाग त्यांच्याच संस्थेमार्फत वस्तीतल्या शिक्षणासारख्या कामाला जातो. तुम्ही फोटोवॉक काढणार असाल तर हे उदाहरण उलट्या बाजूने वाचा. कॅमेरा कुठे बाहेर काढायचा हे जसं ठरवता, तसं कुठे बॅगेत ठेवायचा हेही वॉक सुरू होण्याआधी ठरलेलं पाहिजे, आणि ते ठरवणारे तुम्ही.

जाता जाता एक गोष्ट. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातल्या खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल 1819 मध्ये कोरलेलं नाव आहे. शिकारीला आलेल्या या साहेबाला लेण्यांची वाट गुरं राखणाऱ्या एका स्थानिक पोराने दाखवली असं सांगतात. साहेबाचं नाव दोनशे वर्षं खांबावर आहे. पोराचं नाव कुणालाच माहीत नाही, आणि त्याला काही मिळालं का तेही नाही. वाट दाखवणं ही सेवा आहे आणि तिची पावती फाडायची असते, हे आपल्याकडे फार उशिरा कळलं.

आता आपल्याकडे या

पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. वारंगा फाट्यावर पर्यटक येत नाही. फाट्यावर गाडी थांबते ती खिचडीसाठी. नांदेड-हिंगोली आणि नांदेड-यवतमाळ हे रस्ते इथं फुटतात, दिवसभर वाहनं असतात, पण माणूस वीस मिनिटांत खाऊन पुढे जातो. त्याला दोन तासांचा वॉक विकायला जाऊ नका. माझं दुकान याच फाट्यावर आहे, थांबलेल्या माणसाची घाई मी रोज बघतो.

गिऱ्हाईक नांदेडला आहे. डॉक्टर लेनमध्ये महागडा कॅमेरा घेऊन ठेवलेले डॉक्टर आहेत, इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं आहेत, बदलीवर आलेले बँकेचे लोक आहेत, ज्यांना रविवारी काय करायचं हा प्रश्न असतो. हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणारे यात्रेकरू खूप आहेत, म्हणून पहिला विचार त्यांचाच येतो. पण माझं मत, सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका. ते दर्शनाला, सेवेला आलेले असतात, बरोबर घरचे म्हातारेकोतारे असतात, आणि त्यांना हवा असतो तो गुरुद्वारासमोरचा कुटुंबाचा फोटो. तो वेगळा धंदा आहे, तोही चांगला आहे, पण फोटोवॉकशी त्याची मिसळ करू नका.

दुसरा प्रश्न, दाखवायचं काय? औंढा नागनाथ सगळ्यांना सुचतं. बारा ज्योतिर्लिंगांतलं एक, यादवकालीन बांधणी, बाहेरच्या भिंतीवर तळापासून नक्षी. आणि फोटोवाल्याला सांगायला तिथं एक अस्सल गोष्ट आहे. संत नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जायला सांगितलं तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं अशी आख्यायिका. म्हणून नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नंदी आणि देऊळ एका फ्रेममध्ये कसं घ्यायचं यावरच अर्धा तास जाऊ शकतो. गाभारा खाली आहे, जागा अगदी चिंचोळी आहे, तिथं कॅमेरा काढायचाच नाही. सोमवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला तर वॉक ठेवूच नका. भाविकांच्या रांगेत कॅमेरेवाले घुसले की पहिलं भांडण तुमच्या नावावर.

पण मला विचाराल तर आपल्या भागाची सगळ्यात भारी फ्रेम देवळात नाही, शेतात आहे. हळद. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. कळमनुरी, वसमत, अर्धापूर या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी चालते. थंडीतल्या पहाटे शेतात कुकर लागलेले असतात, पांढरी वाफ उठते, शिजलेली हळद ओतली की जमीन पिवळी होते, पुढे वाळवण, मग ढोलात घालून पॉलिश. उगवतीचं ऊन त्या वाफेतून आलं की साध्या मोबाइलवर सुद्धा असा फोटो येतो की बघणारा विचारतो, हे कुठलं? आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण आपण लहानपणापासून त्या वासात वाढलोय. अल्फामातल्या माणसालाही वाळत घातलेल्या कपड्यांचं काही वाटत नसणार.

म्हणून वॉक असा बसवता येईल. रविवारी पहाटे साडेपाचला नांदेडहून गाडी. फेब्रुवारीत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, त्याआधी शेतात पोचायचं. दीड तास हळद. मग फाट्यावर गरम खिचडी, तिथंच बसून एकमेकांचे फोटो बघायचे. परतताना अर्धापूरच्या केळीच्या बागेत अर्धा तास. साडेअकराला नांदेड.

आता आकडे. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा. माणशी 900 रुपये, आठ माणसं, जमा 7,200. गाडी ड्रायव्हर-डिझेलसह 2,500. खिचडी-चहा माणशी 70, तुम्ही आणि ड्रायव्हर धरून दहा माणसं, 700. शेतावर द्यायचे 1,000. फोटोच्या प्रिंटा 300. खर्च 4,500, हातात राहिले 2,700. एका सकाळचे वाईट नाहीत. पण पाचच माणसं आली तर? जमा 4,500, खर्च 4,290, उरले 210. चार आली तर 3,600 जमा, 4,220 खर्च, म्हणजे 620 रुपये खिशातून. म्हणून पाच जणांचा पूर्ण अॅडव्हान्स यूपीआयवर आल्याशिवाय गाडी सांगायची नाही. "सर मी नक्की येतो" याला अॅडव्हान्स म्हणत नाहीत. आणि आठाच्या वर नेऊ नका. नववा माणूस 830 रुपये जास्त देऊन जाईल खरा, पण शेतात नऊ कॅमेरे झाले की ती वरात वाटते.

शेतावरचे हजार रुपये बघून काही जण म्हणतील, ओळखीचा शेतकरी आहे, पैसे कशाला? इथंच सगळा धंदा अडकलेला आहे, म्हणून जरा थांबून वाचा. हळदीच्या कामाचं पुष्कळ ठिकाणी गुत्तं घेतलेलं असतं. जेवढं काम तेवढा पैसा. तुमच्या आठ माणसांनी "मावशी, जरा इकडं बघा, परत एकदा घमेलं उचला" म्हणत अर्धा तास काम थांबवलं, तर तो अर्धा तास त्या बाईच्या मजुरीतून गेला. ती तोंडावर काही बोलणार नाही, कारण मालकाचे पाहुणे आहेत. पण पुढच्या रविवारी तुम्ही आलात की पदर तोंडावर ओढून पाठ फिरवेल. झाला वॉक.

म्हणून हजारातले पाचशे शेतकऱ्याला, पाचशे मजुरांना, आणि ते सगळ्यांसमोर द्यायचे, मुकादमाच्या खिशात गुपचूप नाही. शक्यतो न्याहारीच्या वेळी जवळचे फोटो, काम चालू असताना लांबून. पुन्हा उचला, पुन्हा ओता, असलं काही सांगायचं नाही. तोंडाचा फोटो काढायचा तर आधी तुम्ही जाऊन विचारायचं, पाहुण्याने नाही. "ताई, हे फोटो काढू का? मोबाइलवर टाकतील ते, चालेल का?" हा दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे. काहीजणी म्हणतील, "काढ की बाबा, पण मला दाखव." काहीजणी नको म्हणतील. नको म्हणजे नको, तिथं हसून घासाघीस करायची नाही. लहान पोरांचे फोटो आई-बापाला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

आणि त्या प्रिंटा. एक साधी प्रिंट दहा-पंधरा रुपयांत होते. पुढच्या वेळी जाताना ज्यांचे चांगले फोटो आलेत त्यांच्या हातात ठेवायच्या. मोरारियाच्या भिंतीवर जे झालं तेच हे, आपल्या ऐपतीत. मला माहीत आहे, हिशोबात हे तीनशे रुपये सगळ्यात आधी कापावेसे वाटतात. गाडीवाल्याशी शंभर-दोनशेची घासाघीस करा, खिचडीबरोबरची भजी कमी करा, पण हे कापू नका. पाहुणा रात्री घरी जाऊन फोटो टाकून मोकळा होतो. तुम्हाला सोमवारी त्याच बाईच्या दारावरून जायचं असतं. पाहुणा तुम्हाला जे 900 रुपये देतो त्यातला मोठा भाग या तुमच्या अडचणीचाच आहे.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. गाडी मात्र पिवळ्या पाटीचीच घ्या. मित्राच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माणसं नेली आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात गाइडगिरी करायची तर परवाना लागतो, ट्रायपॉडलाही परवानगी लागते, आणि अजिंठ्यासारख्या ठिकाणी चित्रांवर फ्लॅश चालत नाही. इटलीसारख्या देशात परवान्याशिवाय गाइडचं काम केलं तर दंड होतो, तेव्हा हे फक्त आपल्याकडचं लचांड समजू नका. ड्रोनचा विषय वेगळा आणि मोठा आहे, पहिल्या वर्षी ड्रोन नकोच.

बुकिंगसाठी मोठ्या वेबसाइटवर जायचं का, असंही विचारतात. एअरबीएनबीने 2016 पासून असे स्थानिक अनुभव विकायला सुरुवात केली, लिस्बनसारख्या शहरांत पुष्कळ जण त्यावर चालतात. पण ते तुमच्या दरातून 20 टक्के घेतात. वरच्या हिशोबात 900 चे 720 होतात, आठ माणसांवर 1,440 रुपये गेले, आणि 2,700 च्या जागी 1,260 उरले. शिवाय तिथं नांदेड शोधणारा परदेशी माणूस किती? आपल्याला व्हॉट्सअॅप ग्रुप आणि नांदेडच्या दोन कॅमेरा दुरुस्तीवाल्यांच्या काउंटरवर लावलेला एक छापील कागद पुरे. युरोपात काही ठिकाणी वॉक फुकट ठेवून शेवटी खुशीने द्या अशी पद्धत आहे. आपल्याकडे ती लावू नका, शेवटी फक्त "मस्त झालं भाऊ" मिळेल.

ज्याला हे करायचंच आहे त्याने डिसेंबरमध्ये स्वतः चार पहाटा शेतात घालवाव्या. कॅमेरा न घेता. कुठल्या शेतात कुकर कधी लागतो, ऊन कुठून येतं, चहा कुणाकडे मिळतो, बायकांना आडोशाला जायला जागा कुठे आहे (पाहुण्यांत महिला असतील तर हा पहिला प्रश्न असतो, आणि पुरुष आयोजकाच्या तो डोक्यातच येत नाही), हे सगळं वहीत लिहा. जानेवारीत घरच्या-दारच्या चार जणांना फुकट नेऊन एक फेरी करा. फेब्रुवारीचे चार रविवार आणि मार्चचे पहिले दोन, एवढाच हंगाम धरा. त्यानंतर तुमच्या लग्नाच्या तारखा सुरू होतात, ऊनही कडक होतं. होळीच्या आठवड्यात नांदेडला होला मोहल्ला असतो, पंजाबहून माणसं येतात, लॉज भरतात, गाड्या मिळत नाहीत. त्या रविवारी वॉक ठेवायचाच असेल तर गाडीवाल्याला महिनाभर आधी इसार देऊन ठेवा.